अंगण दिलं, पत्ता नाही

पुण्याहून एक वाचक लिहितात: मार्चमध्ये मी, नवरा आणि आठ वर्षांची मुलगी गाडीत तंबू टाकून रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्याने निघालो होतो. एका खाडीच्या तोंडाशी संध्याकाळी गाडी वाळूत रुतली. गुरं आणायला आलेल्या एका काकांनी गावातला ट्रॅक्टर बोलावला आणि भरतीचं पाणी चाकांना लागायच्या आत गाडी बाहेर काढली. क्लचचा जळका वास येत होता म्हणून रात्री पुढे जाऊ दिलं नाही. त्यांच्या खळ्यात तंबू लावला, दोन रात्री राहिलो, त्यांच्याकडेच जेवलो. निघताना पैसे पुढे केले तर काका रागावले. काकूंनी उलट आमसुलांचा डबा भरून दिला. घरी आल्यावर नवऱ्याने त्यांच्या मुलाच्या नंबरवर पाच हजार पाठवले, ते त्याने त्याच दिवशी परत केले. मग कृतज्ञता म्हणून मी रील केली. घराची जागा मॅपवर टाकली, काकांचा नंबर दिला. रील खूप फिरली. दिवाळीनंतर मुलाचा फोन आला: ‘ताई, लोक येतात, तंबू लावायचाय म्हणतात. आईला आता जरा होत नाही.’ मला वाटलं होतं त्यांचं भलं होईल. नवरा म्हणतो, त्यांनी होमस्टे काढावा, आपण पैसे घालू. डिसेंबरअखेर आम्ही दोन कुटुंबं दापोली ते मालवण पुन्हा निघतोय. एक मुक्काम त्यांच्याकडे धरलाय. बाकी ‘अशी माणसं भेटतीलच’ म्हणून बुकिंग केलेलं नाही. हे उपकार फेडायचे कसे? आणि त्यांच्याकडे जावं की नाही?

ताई, उपकारांचं नंतर बघू. आधी ती रील काढा. हे उत्तर पुरतं वाचायच्या आधी काढलीत तरी चालेल.

नुसती डिलीट करून भागणार नाही. ज्यांनी ती उचलून आपल्या खात्यावर टाकली, त्यांना एकेकाला मेसेज करा: ‘हे खासगी घर आहे, घरच्यांची परवानगी न घेता मी टाकलं होतं, कृपया काढा.’ बरेच जण काढतात. जे काढत नाहीत, त्यांच्या पोस्टवर खासगी माहिती म्हणून तक्रार नोंदवा. गूगल मॅपवर तुम्ही त्या घराला ‘ठिकाण’ म्हणून नोंदवलं असेल, तर त्याच ठिकाणावर जाऊन बदल सुचवा आणि ‘बंद करा किंवा काढून टाका’ हा पर्याय निवडून जागा खासगी असल्याचं कारण द्या. स्वतःचे फोटो आणि परीक्षण वेगळे काढावे लागतात, ते ठिकाणाबरोबर आपोआप जातीलच असं नाही. व्हॉट्सॲप गटांत नंबर गेला असेल तर ‘सगळ्यांसाठी डिलीट’ची मुदत केव्हाच संपली, तिथे गटाच्या ॲडमिनला सांगून ‘हा नंबर कोणी वापरू नये’ असं गटात कळवा. आणि मग एक छोटी नवी पोस्ट: ‘मी दाखवलेलं घर मुक्कामासाठी नाही, तिथे कोणी जाऊ नये.’ हिच्यात गावाचं नाव नको, फोटो नको, काकांचं कौतुकही नको. कौतुक केलंत की लोक पुन्हा शोधायला लागतात.

हे झाल्यावर फोन करा, म्हणजे ‘काढलं आहे’ असं सांगता येईल. ‘काढते’ म्हणायला फोन करू नका. मुलाशी बोला, कारण तोंड त्याने उघडलंय आणि ते त्याला सोपं गेलेलं नसणार. ‘दादा, चूक माझी. तुम्हाला न विचारता टाकलं. सगळीकडून काढलंय, तरी कोणी आलंच तर माझं नाव सांगून परत पाठवा आणि मला कळवा.’ एवढंच. ‘मला वाटलं तुमचं भलं होईल’ हे वाक्य गिळा. ते म्हटलंत की तो बिचारा ‘नाही हो ताई, तसं काही नाही’ म्हणत तुमचंच सांत्वन करत बसेल. त्यानंतर काकूंशी बोला. काकांशी शेवटी.

काकू आधी का, ते सांगायला हवं. तुमच्या पूर्ण पत्रात काका पानोपानी आहेत. काकू एकदाच येतात, डबा देताना. ‘राहा आज इथेच’ हे काका म्हणाले असतील, पण दोन रात्री तीन माणसं जास्तीची जेवली ती कोणाच्या हातचं? मुलगा फोनवर ‘बाबांना होत नाही’ म्हणाला नाही, ‘आईला होत नाही’ म्हणाला.

पाहुणा घरात काय काय वापरतो हे शहरातून जाणाऱ्याला दिसत नाही, म्हणून हिशेब मांडते. पाणी घ्या. एका माणसाची अंघोळ दोन बादल्या, म्हणजे तीसेक लिटर. त्यात संडास, हातपाय, भांडी, मुलीचे वाळूने भरलेले कपडे धरले तर तिघांचं दिवसाला दोनशे लिटर सहज. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण जांभा दगड सच्छिद्र. पाणी मुरतं आणि उतारावरून निघून जातं. मार्चपासून विहिरी तळाला जायला लागतात. त्या दिवसांत दोनशे लिटर म्हणजे घरच्यांच्या वाट्याचं पाणी.

खळ्याचंही तसंच. तुम्हाला ती तंबूला आयती सपाट जागा वाटली. पावसाळा संपला की ते खळं उकरून, पाणी मारून, चोप देऊन घट्ट बसवलेलं असतं आणि मग शेणाने सारवलेलं. त्यावर भात झोडतात, पुढे सुपारी, कुळीथ, पापड वाळतात. तंबूचे खुंटे ठोकले की तो कडक थर फुटतो. एका तंबूचे आठ-दहा खुंटे म्हणजे आठ-दहा भोकं, आणि सकाळी खुंटा हलवून उपटला की भोवतीचा हातभर पापुद्रा निघतो. रील पाहून आलेल्या प्रत्येकाने हेच केलं असणार. कोणाच्याही खळ्यात, अंगणात तंबू लावायची वेळ आली तर खुंटे ठोकू नका. दोन-दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या भरून किंवा पिशव्यांत वाळू भरून दोऱ्या त्यांना बांधा. घुमटासारखे तंबू आतल्या काठ्यांवर उभे राहतात, वारा बेताचा असेल तर एवढा भार पुरतो. गडग्यातले, म्हणजे दगडी कुंपणातले दगड मात्र काढू नका. त्या दगडांच्या फटीत फुरसं असतं, आणि गडगा ढासळला की गुरं बागेत शिरतात.

आता उपकार फेडण्याचं. या शब्दामागे तुम्ही एक गोष्ट धरून चालला आहात: काकांनी काहीतरी दिलं, त्याची किंमत होते, ती चुकती केली की तुम्ही मोकळ्या. पाच हजार परत आले ते म्हणूनच. जेवणाचं बिल होतं हे त्या घराला मान्य नाही. शिवाय पैसे गेले मुलाच्या खात्यात. काकूंना त्यांतलं काय दिसलं?

पण पैसे द्यायलाच हवे होते असा एक माणूस तुमच्या पत्रातून पार निसटलाय. ट्रॅक्टरवाला. त्याला काही दिलंत का? पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून विचारते. ट्रॅक्टर हे त्याचं पोटापाण्याचं साधन. डिझेल जळलं, संध्याकाळ मोडली, ओल्या वाळूत आणि खाऱ्या पाण्याजवळ यंत्र घातलं. काकांच्या शब्दाखातर तो आला असेल आणि ‘राहू दे’ म्हणाला असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की त्याचे उपकार काकांच्या डोक्यावर बसले. उद्या त्याने काही मागितलं तर काकांना नाही म्हणता येणार नाही. मुलाला विचारा: ट्रॅक्टरचा तासाचा दर काय, तो घरून निघून परत जाईपर्यंत किती वेळ गेला. तेवढे पैसे थेट त्याला पाठवा. हे पैसे परत येणार नाहीत आणि काकांवरचं ओझंही उतरेल.

प्रवासात ही फारकत मनाशी पक्की असली की अवघडलेपण बरंच कमी होतं. जो आपल्या धंद्यातलं कौशल्य किंवा हत्यार वापरतो – मेकॅनिक, पंक्चरवाला, होडीवाला, ट्रॅक्टरवाला – त्याला रोख आणि दर विचारून. तो नको म्हणाला तरी एकदा आग्रह करून. जो घरातलं देतो, त्याला रोख नको. तिथे आपल्याकडे रीती आहेत आणि त्या चालतात. घरात लहान मूल असेल तर ‘खाऊला’ म्हणून त्याच्या हातात नोट. फार मोठी नको, नाहीतर आई ती परत घ्यायला लावते. देवघरात नमस्कार करून देवापुढे ठेवलेले पैसे कोणी परत करत नाही. आमसुलं, कोकम आगळ, कुळीथ, सुपारी असं काही ते विकत असतील तर त्यांच्या भावाने विकत घ्यावं, घासाघीस न करता. विकत नसतील तर मागू नये, कारण मागितलं की ते फुकट देतात.

तुमच्याकडे डबा आहे, त्यामुळे तुमचं काम सोपं आहे. रिकामा परत करायचा नाही एवढं तुम्हाला माहीत असेलच. त्यात काजू-बदाम भरू नका. कोकणात जे फारसं पिकत नाही आणि रोज लागतं ते द्या: घाटावरचे शेंगदाणे, चांगला गूळ, शेंगदाण्याची किंवा कारळ्याची चटणी. सोबत त्या दोन दिवसांतले फोटो चार बाय सहाच्या आकारात छापून. फोनमधले फोटो त्या घरी कोणी पाहत नाही, छापलेले ओटीवरच्या भिंतीला लागतात. ट्रॅक्टरवाल्याचीही एक प्रत काढा. आणि मुलीला स्वतःच्या हाताने काकूंना पत्र लिहू द्या. शुद्धलेखन तपासू नका.

आता होमस्टे. यजमानांच्या भल्याची कल्पना ही, पण यजमानांना विचारल्याचं पत्रात कुठे दिसत नाही. होमस्टे म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळा संडास-बाथरूम, त्याला पुरेशी शोषखड्ड्याची किंवा सेप्टिक टाकीची सोय, उन्हाळ्यात टँकर, चादरी धुणं, ग्रामपंचायतीचा कागद, पर्यटन विभागाकडे नोंदणी, आणि रात्री साडेअकराला ‘काका, बर्फ मिळेल का’ म्हणणारी गिऱ्हाइकं. राज्याच्या न्याहारी-निवास योजनेखाली किंवा 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखाली कोकणातली पुष्कळ घरं हे नीट करतात आणि त्यावर चार पैसे मिळवतात. पण ते त्यांनी ठरवून केलंय. ज्या घरातली बाई ‘होत नाही’ म्हणतेय, तिच्यावर धंदा लादायचा आणि वर भांडवल आपलं घालायचं, म्हणजे काका तुमचे कायमचे मिंधे. उद्या मुलाने आपणहून विषय काढला तर माहिती जरूर द्या. तोवर हा विषय नवऱ्याने काढू नये, फोनवर तर मुळीच नाही.

डिसेंबरात जायचं का? जा. पण मुक्कामाला नको, आणि दोन कुटुंबं घेऊन तर नकोच. आठवडाभर आधी कळवा, शेजारच्या गावात पैसे भरून खोली घ्या आणि ‘आमची सोय झालीय’ हे फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा. दुपारी चारच्या सुमाराला तुम्ही तिघंच जा, चहा घ्या, डबा द्या, तासाभरात उठा. जेवायचा आग्रह होईल. संध्याकाळची फेरीबोट गाठायची आहे हे कारण कोकणात सगळ्यांना पटतं, आणि ते खरंही असू द्या. यंदा फोनवर काकूंचा आवाज थंड वाटला तर हा बेत सोडून द्या. पुढच्या गणपतीत दर्शनाला जा. त्या दिवसांत कोणीही कोणाच्याही घरी दर्शनाला जातं, आणि गणपतीपुढे ठेवलेल्या पाकिटाला कोणाची हरकत नसते.

बाकीच्या बेताबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगते. ‘अशी माणसं भेटतीलच’ हे तुम्ही मुक्कामाच्या रकान्यात लिहिलंय. अडल्यावर मिळालेली मदत वेगळी. घरून निघतानाच ती धरून चाललात, तर समोरच्याला नाही म्हणायची जागाच उरत नाही. संध्याकाळी सात वाजता दारात दोन गाड्या, चार मोठी माणसं, पेंगुळलेली मुलं; कोण नाही म्हणणार? सगळे मुक्काम आधी ठरवा: तंबूची सोय असलेली ठिकाणं पैसे भरून, नाहीतर साध्या खोल्या. नाताळ ते एक जानेवारी किनाऱ्यावर आयत्या वेळी काही मिळत नाही, हे वेगळंच.

तरीही वाटेत कुठे अडलात, तर उजेडी विचारा. डिसेंबरात तिकडे सहा-सव्वासहाला सूर्य बुडतो, म्हणजे पाचच्या आत. एखाद्या घरात शिरण्याआधी दुकानात, ग्रामपंचायतीत किंवा पोलीस पाटलांकडे जा. प्रश्नही असा विचारा: ‘गावात रात्रीपुरता तंबू लावायला कुठे जागा आहे का? पैसे भरून राहायची सोय असेल तर तीही सांगा.’ ‘तुमच्या अंगणात लावू का’ असं विचारू नये. पहिल्या प्रश्नाला समोरचा शाळेचं मैदान दाखवू शकतो, देवळाची धर्मशाळा दाखवू शकतो किंवा आपणहून घरी बोलावू शकतो. दुसऱ्यात त्याला एक तर हो म्हणावं लागतं, नाहीतर वाईटपणा घ्यावा लागतो. माणशी पाच लिटर पाणी, शिधा आणि शेगडी स्वतःची ठेवा. शेगडी तंबूत कधीच पेटवू नका, विषारी वायू कोंडतो. माडाखाली तंबू नको, नारळ आणि झावळ्या दोन्ही पडतात. दारू यजमानांच्या आवारात काढूही नये.

अनोळखी मदतीची धास्ती वाटते असं विचारणारी पत्रंही येतात, विशेषतः एकट्या फिरणाऱ्या मुलींची. धास्ती असू द्यावी. ज्या घरात बायामाणसं, मुलं दिसतात तिथेच थांबा. पूर्ण नाव आणि वाडी विचारा आणि त्यांच्यासमोरच फोनवर घरी कळवा. सरळ माणसाला त्याचं वाईट वाटत नाही. किल्ली आपल्या हातात. मन मानत नसेल तर ‘आमची माणसं मागून येतायत’ म्हणून निघा. 112 ला पोलीस, 108 ला रुग्णवाहिका.

शेवटी ती वाळू. पुन्हा तसं रुतायचं नसेल तर पुळणीवर गाडी घालूच नका. नोव्हेंबर ते मार्च याच किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, चाकाखाली घरटं दबलं तर वरून काही कळतही नाही. खाडीच्या तोंडाशी वरची वाळू टणक दिसते आणि खाली गाळ असतो. गाडी थांबली की लाटेचं पाणी चाकाभोवतीची वाळू सैल करतं आणि चाक बसत जातं. तेव्हा तुम्ही ॲक्सिलरेटर दाबत राहिलात, क्लचचा वास त्याचा. चाक जागेवर फिरलं की खड्डा खोल होतो आणि गाडीचं पोट वाळूवर टेकतं. मग ट्रॅक्टरशिवाय इलाज नाही.

कुठे रुतलीच तर पहिल्याच घसरणीला थांबा. चाकांच्या पुढची आणि पोटाखालची वाळू हाताने काढा, टायरची हवा 32-33 वरून 16-18 पीएसआयवर आणा म्हणजे टायर पसरून जास्त वाळूवर टेकेल; चाकापुढे झावळ्या किंवा पायपुसणी टाका, स्टिअरिंग सरळ ठेवून दुसऱ्या गिअरमध्ये हळू बाहेर या. ओढायचा आकडा बहुतेक गाड्यांत जॅकबरोबर डिकीत असतो आणि बंपरवरचं छोटं झाकण काढून त्यामागे आटे लावून बसतो. तो घरीच एकदा बसवून बघा. दोर बंपरला किंवा चाकाच्या दांड्याला बांधू नका, आणि ओढताना तुटलेला दोर पोहोचणार नाही इतकं सगळ्यांनी लांब उभं राहायचं, मुलं आणखी लांब. हवा परत भरायला 12 व्होल्टचा पंप सोबत हवा. खारं पाणी लागलं असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून गाडी धुवा. पण तेही सर्व्हिस सेंटरमध्ये पैसे देऊन, कोणाच्या विहिरीवर नाही.

भरतीचा कोळी लोकांचा ढोबळ हिशेब असा: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चाराची पाऊणपट, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या, पुढची साधारण साडेबारा तासांनी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी नेहमीपेक्षा वर चढतं. तुमच्या मार्गावर दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड अशा दोन फेरीबोटी आहेत. शेवटच्या फेऱ्यांच्या वेळा निघायच्या आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्या. दाभोळची चुकली तर चिपळूणमार्गे लांबचा वळसा पडतो आणि मुक्कामी पोहोचायला रात्र होते.